मदत हवी आहे : मारिना स्लुत्स्काया या बेलारूसी ज्युदोपटूविषयी

सप्रेम नमस्कार. ७८ किलोंवरील महिला वजनगटात बेलारूसकडून खेळणाऱ्या मारिना स्लुत्स्काया यांच्या कारकिर्दीवर मी मराठीत टिपण लिहीत असून, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

पहिली अडचण नावाची आहे. बेलारूसी आणि रशियन भाषांत त्यांचे पहिले नाव निरनिराळे लिहिले जात असल्याने रोमन लिपीतही त्याची दोन रूपे दिसतात आणि जुन्या निकालपत्रकांतील नोंदी जुळवताना गोंधळ होतो. मराठीत कोणते रूप घ्यावे?

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१९ मध्ये मिन्स्क येथे झालेल्या युरोपीय क्रीडास्पर्धेतील ज्युदोलाच त्या वर्षीच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा होता. मग ती एकच स्पर्धा मोजावी की दोन? तसेच २०२३ च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेत बेलारूसी खेळाडूंना केवळ तटस्थ म्हणून प्रवेश होता, तेव्हा अशा काळातील कामगिरी देशाच्या खात्यात मांडणे योग्य ठरेल का?

‘इप्पोन’ला (ज्युदोत लढत तिथेच जिंकून देणाऱ्या पूर्ण गुणाला) ‘चितपट’ म्हणण्याचा मोह मला होतो, परंतु पकड किंवा गळपाशानेही इप्पोन मिळत असल्याने तो शब्द अपुरा वाटतो. पर्याय सुचवावा, ही विनंती.