सरकारी पेन्शन करमुक्त करावी का?

पाटबंधारेवाला
पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली. पेन्शन महिना ८० हजार, वर्षाची ९ लाख ६० हजार. ग्रॅच्युइटीचे आणि विकलेल्या पेन्शनचे (पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी घेतलेले) पैसे एफडीत आहेत, त्यांचं व्याज साडेतीन लाख. सगळे सांगतात, २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत पेन्शनरला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. मी ३५ हजारांनी वर गेलो आणि सेससकट ३६,४०० रुपये भरले.

१७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्काचा मोबदला आहे. म्हणूनच आपण तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतो. म्हातारपणीच्या हक्काच्या पैशातून सरकारने पुन्हा वाटा मागू नये, असं माझं ठाम मत आहे.

भोसरीकर
काका, पेन्शन मोबदला असेल तर ती पगारच झाली, फक्त उशिरा मिळालेली. पगारावर कर लागतो. आणि 'पुन्हा' कसा? ही रक्कम नोकरीत असताना तुमच्या हातात आली नव्हती, तिच्यावर तेव्हा कर बसलाच नव्हता. पहिल्यांदाच बसतोय.

आता माझं ऐका. मी कारखान्यातून निवृत्त झालो. आमच्या ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून १ हजारावर अडली आहे. तुम्ही पेन्शन विकलीत ती पूर्ण करमुक्त. खासगीतल्या माणसाला ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर, सगळी पेन्शन विकून जेवढी रक्कम आली असती तिचा एक तृतीयांश भागच करमुक्त. आमच्या करमुक्त ग्रॅच्युइटीला २० लाखांची मर्यादा. शिल्लक रजेच्या पगाराला तर २००२ पासून ३ लाखांची होती, ती २५ लाख व्हायला २०२३ उजाडलं. तुम्हाला करात यातली एकही मर्यादा नाही. ज्या एफडीच्या व्याजाने तुम्ही वर गेलात, ती एफडीच करमुक्त पैशांतून उभी आहे.

पाटबंधारेवाला
एकरकमी पैशांचं मान्य. पण विकलेल्या पेन्शनची कपात १५ वर्षं दर महिन्याला होते, ती फुकट मिळालेली नाही. तुमची पेन्शन वाढायला हवी, त्यासाठी मीही तुमच्याबरोबर मोर्चात येईन. पण तुमच्यावर अन्याय झाला म्हणून माझ्याकडून कर घ्यावा, हे पटत नाही.

शिक्षिकेची लेक
दोघांच्या वादात आई कुठेच नाही. बाबा होते तोवर त्यांची पेन्शन 'वेतन' धरली जायची, ७५ हजारांची वजावट मिळायची. ते गेले आणि आईला कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून जी रक्कम येते ती 'इतर उत्पन्न' झाली. वजावट एक तृतीयांश किंवा २५ हजार, यातलं जे कमी असेल ते. बाबांच्या सगळ्या एफडी आता तिच्या नावावर, म्हणजे व्याज तेवढंच आणि पेन्शन मात्र घटलेली. बाबांना पावणेतेरा लाखांची सवलत, तिला सव्वाबारा. तीच सेवा, तेच घर. विधवा झाली म्हणून तिची वजावट का कमी व्हावी? सगळी पेन्शन करमुक्त करा असं मी म्हणणार नाही. लाख-सव्वा लाख महिना पेन्शन घेणाऱ्याने कर भरलाच पाहिजे.

भोसरीकर
ताई, हे अगदी खरं. याला माझा पाठिंबा. त्यात आणखी एक जोडतो: जुन्या करपद्धतीत ज्येष्ठांना व्याजावर ५० हजारांची वजावट आहे, नव्या पद्धतीत ती नाही. ती इथेही आणा, सरकारी-खासगी सगळ्यांना. तेवढ्याने काकांचाही कर शून्य होतो.

पाटबंधारेवाला
होतो खरा, हिशेब करून बघितला. व्याजाच्या मागणीवर आणि ताईंच्या आईच्या वजावटीवर मी सही करतो. पेन्शनवर मुळात कर नको, हे म्हणणं मात्र सोडत नाही. संघटनेच्या निवेदनात तिन्ही मुद्दे वेगवेगळे लिहू. भोसरीकर, दुसऱ्या आणि तिसऱ्यावर तुमची सही चालेल ना?