शर्बेट म्हणजे नक्की काय: पेय, पावडर की आइस्क्रीमसारखं काही?

कढईझारा
इंग्रजी पाककृतींत 'शर्बेट' हा शब्द तीन वेगळ्या पदार्थांना लावलेला दिसतो: पेय, जिभेवर फसफसणारी पावडर आणि दूध घालून गोठवलेला फळांचा रस. पाककृती वाचताना कोणतं ते कसं ओळखायचं? सॉर्बे म्हणजे तेच का? आणि पावडरीचा गोळा होऊन फसफस जाते ती कशामुळे?

शब्दांगण
पाककृती कोणत्या देशातली आहे ते आधी बघा. ब्रिटनमधली असेल तर बहुधा पावडर, अमेरिकेतली असेल तर गोठवलेला पदार्थ. तुर्की असेल तर मात्र सावध राहा, कारण तिथे 'शेरबेत' पेयालाही म्हणतात आणि बाकलावा या मिठाईवर ओतायच्या साखरेच्या पाकालाही. मूळ अरबी 'शरिबा', म्हणजे पिणं. आपलं सरबत त्यातूनच आलं. शराब आणि सिरपही त्याच घरातले. इटालियन सोर्बेत्तो आणि फ्रेंच सॉर्बे हेही त्याच कुळातले.

सॉर्बेत दूध नसतं. अमेरिकी नियमानुसार शर्बेटमध्ये दुधाची स्निग्धता १ ते २ टक्के आणि दुधाचे एकूण घनपदार्थ २ ते ५ टक्के लागतात.

रससिद्धी
पावडरीबद्दल. पिठीसाखर १०० ग्रॅम, खाण्याचं सायट्रिक ॲसिड १२ ग्रॅम, खाण्याचा सोडा ६ ग्रॅम. ६ ग्रॅम सोडा साधारण साडेचार ग्रॅम ॲसिड संपवतो. उरलेलं ॲसिड आंबटपणा देतं. सोडा वाढवला की फसफस वाढेल असं वाटतं, पण आंबटपणा जाऊन साबणासारखी खारट चव पुढे येते.

गोळा होण्याचं कारण ओल. ॲसिड आणि सोडा कोरडे असेपर्यंत एकमेकांशी काही करत नाहीत. लाळेत विरघळले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. हवेतली दमट ओल मिळाली तर तेच काम बरणीत सुरू होतं, आणि त्या क्रियेतून आणखी पाणी तयार होत असल्याने ते थांबत नाही. म्हणून साखर आणि ॲसिड वेगवेगळे बारीक वाटून चाळा आणि सोडा अगदी शेवटी, कोरड्या चमच्याने मिसळा. लिंबाचा रस किंवा पातळ रंग अजिबात नको; स्वादासाठी पूर्ण वाळलेल्या फळांची पूड घ्या. मिश्रण झाल्यावर ते वाळवायला गरम करू नका, उष्णतेने सोड्याचं विघटन होऊन फसफस आधीच निघून जाते. शंका आली तर चिमूटभर पाण्यात टाका. बुडबुडे नाहीत तर ती पावडर संपली.

कढईझारा
सोड्याऐवजी बेकिंग पावडर चालेल का?

रससिद्धी
नको. तिच्यात स्टार्च आणि आम्ल आधीच असतं. प्रमाण हाती राहत नाही आणि जीभ पिठूळ होते.

हिमकण
गोठवलेल्या प्रकाराचं माप देतो: संत्र्याचा रस ५०० मिली, साडेतीन टक्के स्निग्धतेचं दूध ३०० मिली, साखर २०० ग्रॅम, चिमूटभर मीठ. रसातली आणि दुधातली साखर धरून एकूण साखर पंचवीस टक्क्यांच्या आसपास येते, स्निग्धता एक टक्क्याच्या थोडी वर. साखर कमी केली तर दगड होतो, खूप वाढवली तर गोठतच नाही. तब्येतीसाठी साखर निम्मी करण्याचा मोह होतो, पण इथे साखर गोडीइतकीच मऊपणासाठीही असते.

दूध फाटणं ही नेहमीची अडचण. साखर आधी रसात पूर्ण विरघळवा, दोन्ही फ्रिजमध्ये थंडगार करा, मग दूध ढवळत राहून त्यात रस बारीक धारेने सोडा. कोमट दुधात आंबट रस एकदम ओतला की केसीनच्या (दुधातल्या प्रथिनाच्या) गुठळ्या होतात. थंड असूनही थोडं दाटसर झालं तर घाबरू नका, घुसळताना ते एकजीव होतं. घुसळायला आइस्क्रीमचं यंत्र नसेल तर पसरट भांड्यात गोठवा आणि घट्ट होईपर्यंत दर अर्ध्या तासाने काट्याने कडा खरवडून आत मिसळा. बर्फाचे खडे कडेपासूनच वाढतात.