अनुभव धागा: मंडळीत दुखावलेल्यांनी इथे लिहा

जय ख्रिस्त. पाळक, फादर किंवा वडीलजनांनी वचनाचा धाक घालून तुम्हाला गप्प बसवलं असेल, पैसे काढले असतील, वाळीत टाकलं असेल, तर इथे लिहा. सावरलात कसे, तेही लिहा. माणसांची, चर्चची नावं नकोत. आणि 'क्षमा करून टाका' हा सल्ला कृपा करून कोणी देऊ नका, तो आम्ही पोटभर ऐकलाय.

नगरची लेक: आई धुणीभांडी करायची. वडील गेल्यावरही दशमांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्याचं, पाकीट चुकायचं नाही, कारण 'तुम्ही देवाला लुबाडता', बायबलमधलं मलाखी 3. एका रविवारी पास्टरांनी पाकीट न देणाऱ्यांची नावं उपासनेत वाचली. त्यात आई. त्यानंतर ती मागच्या बाकावर बसायला लागली. पुढे मावशीने तोच अध्याय घरी सलग वाचून दाखवला. लुबाडण्याची गोष्ट आठव्या वचनात आहे. त्याच्या आधी, पाचव्यात, मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवेला छळणाऱ्यांविरुद्ध देव स्वतः साक्ष द्यायला उभा राहतो. आई म्हणाली, "हे इतकी वर्षं कुणी वाचलंच नाही?" आता दुसऱ्या मंडळीत जाते. दान देते, पण किती ते तिचं ती ठरवते.

अनामिक, पुणे: मला फिट्स येतात. उपास-प्रार्थनेत सांगितलं गेलं की हा दुष्टात्मा, आणि गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. गोळ्या बंद झाल्या, रिक्षात झटका आला. मग ऐकलं की माझाच विश्वास कमी पडला. बरा झालो तर त्यांची प्रार्थना, पडलो तर माझा दोष! डॉक्टरांनी गोळ्या परत सुरू केल्या आणि बजावलं की फिटची गोळी मनाने एकदम सोडायची नसते. लूक वैद्य होता (कलस्सैकरांस 4:14) हे संडे स्कूलमध्ये मीच पोरांना शिकवायचो. राग गेलेला नाही. प्रार्थना करतो, पण डोक्यावर कुणाला हात ठेवू देत नाही.

मी एक: मी सगळंच सोडलं, देवासकट. मजेत आहे. 'परत ये' लिहिणाऱ्यांना आधीच सांगते, नको.

धागाकर्ती: कोणी लिहिलं तर उडवीन, ताई.

वसईकरीण: नवरा मारतो हे फादरांना सांगितलं. उत्तर आलं, "बाय, हा तुझा क्रूस." वाहिला. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत कलम 1153 आहे, हे कुणी सांगितलं नाही. जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच देतं. मला ते एका सिस्टरने सांगितलं, तेही कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात. चर्चचाच कायदा दबक्या आवाजात का सांगावा लागतो? तो घटस्फोट नव्हे, माहीत आहे. पण रात्री झोप लागायला तेवढं पुरलं.

तरुण संघवाला: जमिनीच्या व्यवहाराचा हिशेब मागितला. उत्तर म्हणून स्तोत्र 105:15 मिळालं, 'अभिषिक्तांना', म्हणजे देवाने निवडलेल्यांना, 'हात लावू नका'. आधीची वचनं वाचा. तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब, देशोदेशी भटकणारे परके लोक, आणि दटावणी आहे ती राजांना. आमच्याकडे ते वचन राजाच्याच हातात! मग बहिणीच्या लग्नाला कुणी जायचं नाही, असा निरोप घरोघरी गेला. आपल्या राज्याचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा फक्त जातपंचायतींसाठी असेल असं आम्ही धरून चाललो होतो. वकिलांनी व्याख्या दाखवली. जन्माने, धर्मांतराने किंवा धार्मिक विधींमुळे एका धर्मात, पंथात असलेला समूहही तीत येतो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत. नोटीस तयार होतेय हे कळल्यावर तो निरोप मागे घेतला गेला. लग्नात जेवण कमी पडलं.

धागाकर्ती: दादा, त्या व्याख्येचा मजकूर इथे टाकाल का? एका घरी लगेच पाठवायचाय.