शब्दचर्चा : विश्वास 'मुळावतो' आणि मग 'लागतो'?

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघासाठी उपवासकाळातल्या बायबल अभ्यासाचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं आहे. विषय असा ठरला : 'विश्वासात खोल जा, म्हणजे तो इतरांपर्यंत पसरेल.' कल्पना मनापासून पटते, वाक्य पटत नाही. आमच्या नागपूरच्या सदर भागातल्या घरांत कुणी असं बोलत नाही.

मराठीत विहीर खोल असते, जखम खोल असते. विश्वास बसतो, दृढ होतो, डळमळतो, उडतो. श्रद्धा जडते. बळावतो तो संशय किंवा आजार. मग विश्वास आत आत जाण्याला काय म्हणायचं? शोधताना कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला सातवा श्लोक समोर आला. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिथे 'मुळावलेले' असा शब्द आहे. इफिसकरांस पत्रातही 'प्रीतीमध्ये मुळावलेले' आहे. लहानपणापासून उपासनेत हा शब्द कानावरून गेला, पण तो इतका नेमका आहे हे आत्ता ध्यानात आलं. 'दृढ' म्हटलं की दगड दिसतो, हलत नाही एवढंच. 'मुळावलेला' म्हटलं की जिवंत काहीतरी दिसतं, जे धरूनही ठेवतं आणि पाणीही ओढतं.

दुसरी अडचण 'पसरण्या'ची. आपल्याकडे साथ पसरते, अफवा पसरते. 'प्रचार' तर निवडणुकीने पुरता नेला. 'प्रसार' चालेल का? की 'साक्ष'? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

मी कॅथलिक आहे. आमच्याकडे 'विश्वास'पेक्षा 'श्रद्धा' जास्त चालतो, 'मंडळी'ऐवजी 'ख्रिस्तसभा', 'बाप्तिस्म्या'ऐवजी 'स्नानसंस्कार'. 29 नोव्हेंबर 1970 ला याच नागपुरात सहा प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा तुमच्याकडेही शब्दांचे असे किती प्रवाह एकत्र आले असतील!

'साक्ष'ला माझा पूर्ण पाठिंबा. साक्षी म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो. कोर्टात साक्षीदाराला पहिला प्रश्न हाच असतो : तुम्ही तिथे होता का? ऐकीव गोष्टीला तिथे किंमत नाही. म्हणजे साक्ष द्यायची तर आधी आपल्या आयुष्यात काही घडलेलं असलं पाहिजे. तुमच्या विषयाचे दोन्ही भाग या एका शब्दात येतात, पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा होतच नाही.

प्रतिसाद

मी ख्रिस्ती नाही, पण भाषेचं सांगतो. 'धर्मप्रसार' हा शब्द नागपुरात नुसता शब्द राहिलेला नाही. मध्य प्रदेश सरकारने 1954 साली मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी होते आणि अहवाल 1956 चा. त्यावरचे वाद आमच्या वडिलांच्या पिढीने जवळून ऐकले. संविधानाच्या 25व्या अनुच्छेदात प्रसाराचा हक्क आहे. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सांगितला : आपल्या धर्माची तत्त्वं मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा नाही. इथे 'घडणं' आणि 'घडवणं' यातला फरक बघा. तुमच्या पत्रकाला 'घडणं'वालं क्रियापद हवं.

प्रतिसाद

आमची काटोल रोडला नर्सरी आहे, म्हणून 'मुळावणे'वर बोलतो. छाटकलम लावली की आठ-पंधरा दिवसांत पानं फुटतात, लोकं खूश होऊन राहिले म्हणून समजा. पण ते पान फांदीतल्या साठ्यावर येते जी. खाली मूळ फुटलंच नसते. ऊन लागलं का माना टाकते. म्हणून आम्ही पानं पाहून गिऱ्हाईकाला रोप देत नाही, अलगद ओढून पाहतो. हाताला अडलं तर मुळावलं. ते वरून दिसत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

धागा सुरू करणारीकडून

सगळ्यांचे आभार. नर्सरीवाल्या दादांनी सांगितलेलं पत्रकात जसंच्या तसं घेणार आहे. आमच्या अडचणीचं वर्णनच ते आहे. सभा, गाणी, भित्तीपत्रकं, सगळं वर दिसतं आणि त्यावरूनच आम्ही वाढ मोजतो. घरी एकटीने वचन वाचणं, ज्या जावेशी बोलणं बंद आहे तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करणं, हे कुणाला दिसत नाही आणि उन्हात तेच टिकतं.

'घडणं-घडवणं'वरून मला एक क्रियापद सुचलं : गोडी लागणे. मराठीत भक्तीसंबंधी बोलताना 'लागणे' किती येतं बघा. नामाची गोडी लागते, ओढ लागते, ध्यास लागतो, लळा लागतो. 'गोडी लावणे'ही आहे, पण तिथेसुद्धा लावणाऱ्याला फक्त चव दाखवता येते. पुढचं ज्याचं त्याने. शिवाय ज्याला स्वतःलाच गोडी नाही, त्याने ती दुसऱ्याला लावल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण आपल्या भागातलंच आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. त्या डब्यात काही संपलं नाही. टिळक वाचत राहिले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथे त्यांना सोडवेना. बाप्तिस्मा झाला 1895 मध्ये, मुंबईत. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांनी दुःख सोसलं, दूर राहिल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचाराने ख्रिस्ताकडे आल्या. नवऱ्याचा विश्वास त्यांच्यावर 'पसरला' म्हटलं तर त्या बाईवर अन्याय होईल. टिळक जवळ होते, जगणं समोर होतं, आणि गोडी त्यांची त्यांना लागली.

'साक्ष' मी ठेवते आहे, कारण त्याला पर्याय नाही. फक्त आमच्याकडे 'साक्ष देणे' म्हणजे माइकसमोर पाच मिनिटं बोलणे असं होऊन बसलं आहे, म्हणून अभ्यासात पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय घेणार. तिथे उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय ते विचारणाऱ्याला, आणि तेही सौम्यतेने. म्हणजे समोरच्याने विचारावं असं आपल्या वागण्यात आधी काही दिसलं पाहिजे. थेस्सलनीकाच्या मंडळीबद्दलही पौल असंच लिहितो : तुमच्या विश्वासाची वार्ता इतकी सगळीकडे गेली आहे की आम्हाला काही सांगायची गरज उरली नाही. 'वार्ता पसरणे' मात्र अस्सल मराठी आहे, तेवढ्यापुरता 'पसरणे' माझ्या यादीत परत आला.

तर मथळा सध्या असा : 'ख्रिस्तात मुळावू या, शेजाऱ्याला गोडी लागो.' 'शेजाऱ्याला' ठेवावं की 'शेजारणीला', यावर संघातल्या बायकांचं एकमत व्हायचं आहे. 'मुळावणे' हे क्रियापद झाडाशिवाय इतर कशासाठी, माणसासाठी, सासरी रुळलेल्या सुनेसाठी, तुमच्या गावात बोलण्यात ऐकलं असेल तर इथे जरूर लिहा, वाक्यासकट.