मदत हवी आहे: उसाच्या खोडव्यातलं पाचट कुजेना, एन्झाईमची बाटली वाया गेली का?

राम राम मंडळी,

वाळवा तालुक्यात २ एकर उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेला ऊस) आहे. यंदा पाचट (उसाची वाळकी पानं) पेटवायचं नाही म्हणून सगळं सरीत ओढलं, बुडखे छाटले आणि त्यांच्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारलं. त्याच दिवशी, त्याच पंपाने, दुकानदाराने दिलेलं ‘पाचट कुजवणारं एन्झाईम’ही मारलं. एकरी १ लिटर, २०० लिटर पाण्यातून. बाटलीवर सेल्युलेज, झायलनेज एवढीच एन्झाईमची नावं छापली आहेत.

आज ५० दिवस झाले. वरचं पान अजून बोट कापेल इतकं कडक. पण ठिबकची नळी एका जोडाला गळते, तिथे हात घातला तर खालचं पाचट काळं, भुसभुशीत, त्यात पांढरे धागे. वीतभर जागा फक्त. मग तिथे कुजलं ते एन्झाईमने की गळतीने? दुसरी बाटली आणू का? धाकटा भाऊ काडीपेटी घेऊन तयारच आहे.

उत्तर १
दादा, मी इचलकरंजीत कापड प्रोसेसिंगला आहे. जीन्स झिजल्यासारखी दिसावी म्हणून आम्ही सेल्युलेजच वापरतो. पण ते ड्रममध्ये, भरपूर पाण्यात, ५० अंशाच्या आसपास, आंबटपणा सांभाळून. त्यात कापूस म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, सेल्युलेज तोडतं तोच तंतू. तुमच्या पाचटात त्याच्याभोवती लिग्निन या चिवट पदार्थाचं कवच आहे. वाळक्या पानावर फवारलेलं एन्झाईम पाणी सुकलं की थांबतं, आणि ते काही जिवंत नाही की वाढत जाईल. ते पांढरे धागे बुरशीचे. ती ओलीत बसून स्वतःच एन्झाईम सोडत राहते.

उत्तर २
बाटली नको. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर फेका, वरून ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. युरिया टाळू नका. पाचटात नत्र नसल्यात जमा, जिवाणू ते जमिनीतून ओढतात आणि फुटवे पिवळे पडतात. कार्बेन्डाझिमने ट्रायकोडर्मा ही कुजवणारी बुरशी मरते, म्हणून कार्बेन्डाझिम आणि संवर्धन कधी एका दिवशी टाकू नका. पाचट पायाने दाबून मातीला टेकवा, मग पाणी.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. म्हणजे गळती पावली म्हणायची! अडचण एकच, ठिबकने वरचं पाचट भिजत नाही. एक पाटपाणी सोडलं तर चालेल का? आणि संवर्धन शेणकाल्यात कालवून टाकू की शेणखतात मिसळून? बुधवारी पाण्याची पाळी आहे, त्याआधी कळलं तर बरं.