सहल कुठे? म्हातारीच्या बुटात!

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. सोसायटीतल्या मुलांच्या सहलीचं ठिकाण आज रात्रीच नक्की करूया, बसवाल्याला उद्या सांगायचं आहे. वॉटर पार्क आणि मॉल अशी दोन नावं आली आहेत.

अनघाताई (सी-१०२): माझं मत कमला नेहरू पार्कला. तिथलं ते बुटाच्या आकाराचं घर, म्हातारीचा बूट!

निखिल (बी-५०३): ताई, बूट पाच मिनिटांत बघून होतो. तेवढ्यासाठी डोंबिवलीहून मलबार हिलपर्यंत जायचं?

जोशीकाका (ए-२०४): निखिल, बूट नुसता बघायचा नसतो रे, त्यात शिरायचं असतं. मुलं आतल्या जिन्याने धडाधड वर चढतात आणि खिडकीतून डोकं काढून "आई, इकडे इकडे" म्हणून हाका मारतात. खाली सगळे आईबाप माना वर करून उभे. मोठा माणूस आत गेला तर अवघडतो, कारण माप मुलांचं आहे. एवढ्या मोठ्या मुंबईत मुलांच्या मापाने बांधलेलं असं किती आहे, सांग बरं.

प्राची (बी-२०१): काका, हा कुणी बांधला? कुणी शिल्पकार होते का?

जोशीकाका (ए-२०४): बाग १९५२ ची. बुटाची कल्पना सोली आर्सीवाला यांची. ते शिल्पकार नव्हते, पर्यावरण क्षेत्रातले तज्ज्ञ होते, पुढे जागतिक आरोग्य संघटनेतही होते. इंग्रजी बालगीतातली ती म्हातारी, बुटात राहणारी आणि पोरांच्या लेंढाराने बेजार झालेली, तिचं घर त्यांनी इथे उभं केलं. ते गाणं कधीही न ऐकलेल्या मुलांच्या पिढ्या त्यात खेळून गेल्या. मला याचंच फार अप्रूप वाटतं.

अनघाताई (सी-१०२): आमच्या शाळेची सहल म्हणजे राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय आणि म्हातारीचा बूट हे ठरलेलंच. तेव्हा १०६ नंबरची बस थेट पार्कपर्यंत जायची. शेजारचं नाझ कॅफे गेलं, पण बूट आहे तिथेच आहे.

जोशीकाका (ए-२०४): हेच मला म्हणायचंय. इंग्लंडच्या राजाचा पुतळा बघा. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १८७९ साली फोर्टमधल्या चौकात बसवला, १९६५ साली उचलून राणीच्या बागेत नेला. चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं, आणि २०१७ साली तिथे नवा घोडा आला तो स्वाराशिवाय. लोकांना घोडा हवा होता, राजा नव्हे. बुटाला तर ना चौथरा, ना कुणाचं नाव, तरी मलबार हिल म्हटलं की आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे आधी तोच येतो. ज्या वस्तूला मुलं हात लावू शकतात, तिच्यावर शहराचा जीव जडतो. म्हणून मी हट्ट धरतोय.

निखिल (बी-५०३): काका, पटलं. पण आमचा आर्यन तेरा वर्षांचा आहे. तो आणि त्याचे मित्र बुटात काय करणार?

प्राची (बी-२०१): त्यांच्यासाठी मागच्या बाजूचा नवा निसर्ग उन्नत मार्ग आहे ना! २०२५ च्या गुढीपाडव्याला सुरू झाला. ४८५ मीटर लांब लाकडी वाट, झाडांच्या शेंड्यांमधून जाते आणि समोर गिरगाव चौपाटी दिसते. तिकीट २५ रुपये, पण वेळेचा स्लॉट ऑनलाइन घ्यावा लागतो. सकाळचा घेऊ, उन्हाच्या आत होईल.

अनघाताई (सी-१०२): आणि रस्ता ओलांडला की हँगिंग गार्डन. त्या हिरवळीखाली पाण्याचा जलाशय आहे, दक्षिण मुंबईला तिथून पाणी जातं, हे मुलांना जरूर दाखवा. झाडं कापून केलेले प्राणी छोट्यांना आवडतील.

सेक्रेटरी: मग वॉटर पार्क उन्हाळ्यात. रविवारी सकाळी ६ ला गेटवर बस, उशीर नको. स्लॉट प्राची बघेल. डबे घरूनच.

निखिल (बी-५०३): आर्यनचं नाव लिहा. आणि आमच्या चार वर्षांच्या ईराचंही. ती आत्ताच विचारतेय, म्हातारी घरी असेल का.

जोशीकाका (ए-२०४): तिला सांग, म्हातारी बाजारात गेलीय, घर मुलांवर सोडून. माझंही नाव लिहा. मी खाली उभा राहून चपला सांभाळतो.

सेक्रेटरी: लिहिलं, काका. बाकीच्यांनी उद्या दुपारपर्यंत नावं द्या.