‘ला ग्रांद बुफ’ शेवटपर्यंत बघवला का कुणाला?

निवांत_नाना: काल मार्को फेरेरीचा हा १९७३ चा सिनेमा पाहिला. वैमानिक, न्यायाधीश, टीव्हीवाला आणि हॉटेलवाला असे चार सुखवस्तू मित्र पॅरिसमधल्या जुन्या बंगल्यात जमतात, खाऊन खाऊन मरायचं म्हणून. आणि मरतातही. कान चित्रपट महोत्सवात गदारोळ झाला, तरी समीक्षकांचं पारितोषिक मिळालंच. मला विचाराल तर उगाच दिलं. मुद्दा अर्ध्या तासात कळतो, पुढे नुसते ढेकर, वात आणि फुटलेला संडास. मास्त्रोयान्नी, पिकोलीसारखे नट वाया!

भाजणी: नाना, त्यांतला एकही जण एकदाही भुकेला नसतो, हे लक्षात आलं का? तो हॉटेलवाला उगो मरतो तो प्रसंग आठवा. कलेजीचा भलामोठा घुमट, वर उकडलेल्या अंड्यांची नक्षी. बाकीचे नको म्हणतात. हा टेबलावर आडवा, आणि न्यायाधीश फिलिप त्याला घास भरवतोय, तान्ह्याला भरवावा तसा. मला हसूही आलं आणि हातातली चकली डब्यात परत गेली.

कोरडवाहू: नानांशी सहमत. हा सिनेमा आला तेव्हा आमची आजी दुष्काळी कामावर खडी फोडून मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खात होती. आणि इथे शेवटी ताजं मटण बागेत कुत्र्यांपुढे! संताप झाला नुसता.

भाजणी: मग आजीचं आणि फेरेरीचं एकच मत झालं की.

पडदानशीन: १९७३ च्या खनिज तेलाच्या संकटावरचं भाष्य आहे हो हे.

निवांत_नाना: तेलसंकट ऑक्टोबरातलं, सिनेमा कानला मे महिन्यातच दाखवला होता. उगाच अर्थ चिकटवू नका. आणि त्या शिक्षिकेचं काय? चौघांच्या सोयीसाठी आणलेली बाई, बाकी तिला स्वतःचं काही नाही.

भाजणी: इथे निम्मं पटतं. ती त्या घरात का राहते, हे मलाही कळलं नाही. पण खाते त्यांच्या बरोबरीनं, आणि जगते ती एकटीच. चवीनं खाणारीही तीच.

निवांत_नाना: फिलिपला मधुमेह. तरी त्याच्यापुढे ते गुलाबी पुडिंग ठेवते. हे प्रेम म्हणायचं की खून?

भाजणी: आग्रह! लग्नाच्या पंगतीत कधी बसला नाहीत का? ‘एक जिलबी माझ्यासाठी.’

निवांत_नाना: बरं, आग्रह मान्य. सिनेमा तरीही लांबलाच.